कुणाचीच नसलेली केबल

डेन्मार्कमधल्या ऑरहूस शहरातल्या एका विमा कंपनीत नेटवर्कचा जुना स्विच काढून नवा बसवायचा होता. सगळ्या केबल्सचे धनी सापडले, एक सोडून. ती सरळ भिंतीत शिरत होती आणि तिचा दिवा सारखा लुकलुकत होता.

"उपट ना," प्रेबेन म्हणाला. काळ्या पावावर थापलेली लिव्हरची पेस्ट तो तिथेच मचमच चावत होता. त्याच्या जोडीने काम करणाऱ्या गुनहिल्डला त्या आवाजाची आधीच किळस होती. "ज्याची असेल तो बोंबलत येईल. आपली पद्धतच आहे ती."

तिने केबल धरली. ती कोमट होती, धुवायच्या राहिलेल्या आतड्यासारखी बुळबुळीत. खटका दाबून तिने ती ओढली. टोकाला लाळेची तार लोंबत आली.

दिवा विझला. मचमच थांबली.

तिने वळून पाहिलं. प्रेबेनचं तोंड उघडंच राहिलं होतं. चावलेला लगदा हनुवटीवरून शर्टावर ओघळत होता. पापणी हलत नव्हती.

तिने केबल परत खुपसली.

प्रेबेन पुन्हा चावू लागला. घास गिळून त्याने कात्री पुढे केली. "बघ, कुणी बोंबललं का? नाही ना? मग काप ती."