पाण्याचं कडवं

मंगळवार पेठेतला लालासाब स्वतः रचलेलीच गाणी पेटीवर गायचा. कुणी सिनेमातलं गाणं मागितलं, की पेटी मिटून उठायचा. आपल्या गाण्यानं भल्याभल्यांची झोप उडते, असा त्याचा ठाम समज होता.

अठ्ठ्याहत्तरच्या गणपतीत त्यानं दूध सोसायटीच्या चेअरमनवर गाणं केलं. सयाजीअण्णा मापात कसं मारतात, दुधात पाणी कसं घालतात, सगळं नावानिशी. चौक हसून हसून लोळला.

"आता बसतोय बघ घरात तोंड लपवून," लालासाब मिशीला पीळ देत म्हणाला.

सकाळी अण्णांची जीप दारात उभी राहिली आणि मिशीचा पीळ उतरला. "हातपाय मोडूनच धाडत्यात आता," म्हणत बायको ताजबी रडायला लागली.

अण्णांनी मात्र त्याला आपल्या घरी नेऊन, शेजारी बसवून चहा पाजला. सोसायटीच्या निवडणुकीत जीपवर कर्णा लावून हेच गाणं वाजवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"फकस्त एक कर, लालासाब. ते पाण्याचं कडवं लई झ्याक जमलंय, पर त्यात माझं नाव एकदाच आलंय. दोनदा घाल की!"