लॉजसाठी माणूस पाहिजे

"हाही कामाचा नाही," उमेदवार फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच व्यवस्थापक म्हणाले. "जिना चढताना कठड्याला धरून चढला. दीडशे वर्षांचा कठडा आहे तो. धरायला आहे का?"

"मग कशाला आहे?" बायकोने विचारलं. ती दाराच्या बिजागरीला तेल देत होती.

व्यवस्थापकांनी ऐकलंच नाही. त्यांचं आपलं सुरू होतं. लॉजला ते लॉज म्हणत नसत, तुरुंग म्हणत. ही माहिती प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर फुकट मिळे. घोडागाड्यांच्या काळातली वास्तू. भिंतीला खिळा मारायचा नाही, रंग बदलायचा नाही, एक दिवस कुलूप लावून कुठे जायचं नाही. भाच्यांची लग्नं, मित्रांच्या सहली, ऐन उमेदीची वर्षं, सगळं या दगडांनी गिळलं. पाहुणे हळहळत आणि सकाळी निघून जात. रोज ऐकायला कायमचं असं एकच माणूस होतं.

शेवटी लॉजचे विश्वस्तही कंटाळले. म्हणाले, "तुमच्या जागी माणूस तुम्हीच निवडा. आम्ही त्याला डोळे झाकून नेमू. पण या महिनाअखेरपर्यंत. नंतर हा विषय काढायचा नाही." व्यवस्थापकांच्या थोरल्या भावाने लगेच आपल्याकडची एक खोली रिकामी करून ठेवली.

आणि व्यवस्थापकांनी नापास करायला सुरुवात केली. त्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. निवृत्त फौजी आला. त्याच्या बुटांनी वरच्या मजल्याची लाकडी जमीन खचेल म्हणाले. निवृत्त मास्तर आले. ते पाहुण्यांना बोलूच देणार नाहीत म्हणाले. एक तरुण जोडपं आलं, तेही परत पाठवलं. का, तर नवराबायको फार हसतात.

उमेदवारांनी काही विचारलं, तर उत्तर ठरलेलं. वाळवी कुठून येते? "ही दाखवेल." पावसाळ्यात कुठलं दार फुगतं? "हिला माहीत." पंप कधी लावायचा? "अगं, ऐकलंस का?" तोवर ती पंप लावून परत आलेली असे.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. व्यवस्थापक जेवणघरात टेबलामागे बसून राहिले. समोरची खुर्ची दुपारपर्यंत रिकामीच.

"संपलं," ते म्हणाले. "आता इथून आपली सुटका नाही."

बायको हात पुसत आली आणि समोरच्या खुर्चीत बसली.

"मी आहे की."

"तू?" व्यवस्थापक हसले.

"विचारा ना. इतरांना विचारलंत तसंच विचारा."

गंमत म्हणून त्यांनी विचारलं. छताबद्दल विचारलं, वाळवीबद्दल विचारलं, भांडखोर पाहुण्याला कसं वाटेला लावायचं तेही विचारलं. ती एकेक सांगत गेली. खोट काढायला त्यांनी प्रश्न फिरवून फिरवून विचारले. नापास करायला काही सापडेना. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं, आपण सुटलो.

"माझ्यासाठी एवढं करतेस? स्वतःला इथे अडकवून घेतेस?"

तिने हात पुसायचं फडकं घडी करून टेबलावर ठेवलं.

"अगं, पण मी दादाकडे गेल्यावर एवढ्या मोठ्या लॉजमध्ये तू एकटी राहणार. दिवसभर बोलायलासुद्धा कोणी नाही. ते कसं सोसशील?"

"अहो," ती म्हणाली, "तेवढं एकच बघून तर मी या खुर्चीत बसले."