रविवारचा रकाना

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईकडे मुक्कामाला कुणी कधी जायचं, याची शीट तिघा भावंडांनी मोबाइलवर केली. रविवार धाकटीचा, पण तिचं नाव सारखं गायब व्हायचं. “अंग चोरायचं तर सरळ सांग,” दादा म्हणाला. रात्रपाळीवरून आलेल्या धाकटीला रागापेक्षा कुतूहलच जास्त. तिने रकान्यातल्या बदलांचा इतिहास उघडला. नाव पुसणारी ती स्वतःच निघाली. झोपेत बोटं चालतात की काय, म्हणून नाव पुन्हा लिहून तिने पाळत ठेवली. तेवढ्यात, शीटमध्ये कोण लिहितंय ते दाखवणारी रंगीत चौकट, तीही तिच्याच नावाची, रकान्यात शिरली आणि एकेक अक्षर खाऊ लागली. डोक्यात प्रकाश पडला. जुना मोबाइल तिने आपलं खातं न काढताच आईला दिला होता. तिने शेजारी लिहिलं, ‘आई, तूच ना?’ चौकट तिकडे सरकली. मग उमटलं: ‘मी नाही. रात्रपाळी करून आलीस ना, झोप आधी.’