अर्धवट लेख

“बायकोने अर्धवट सोडलेले सत्तावीस लेख होते ब्लॉगवर, ताई. आज तेवीसच दिसतात,” फोनवरचे काका म्हणाले.

फोन घेतलेल्या प्रोग्रामर मुलीने घाईघाईने आपला कोड उघडला. ब्लॉग कुणी उघडला की एक जुनी स्पॅम कमेंट पुसायची, एवढंच तिने लिहिलेल्या प्लगइनचं, ब्लॉगला जोडायच्या छोट्या प्रोग्रामचं, काम. परवाच्या अपडेटमध्ये तिने एका ओळीत घोळ घातला होता. आता ते कमेंटऐवजी अर्धवट लेख पुसत होतं.

“काका, बॅकअप आहे ना?”

“ते काय असतं?”

“बरं, ब्लॉग कोण कोण वाचतं?”

“आता कोण वाचणार? ती गेल्यापासून मीच उघडतो, सकाळी चहाबरोबर आणि रात्री झोपताना.”

ती भराभर ती ओळ दुरुस्त करू लागली. “काका, मी दुरुस्ती पाठवेपर्यंत ब्लॉग अजिबात उघडू नका.”

“नाही उघडत. फक्त किती उरलेत तेवढं मोजून सांगतो...”

फोनमधून माउसची टिकटिक ऐकू आली.

“थांबा!” ती किंचाळली.

“बावीस.”