दुसरी डिस्क

“एक नको, दोन द्या. आणि जोडायच्या वायरी चांगल्यातल्या,” तो म्हणाला. दुकानदाराने दुरुस्त केलेल्या दोन जुन्या हार्ड डिस्क फडक्याने पुसून पिशवीत घातल्या. कुणाच्या ऑफिसात झिजल्या होत्या कोण जाणे. जुन्या मालाचा भरवसा नाही, म्हणूनच दोन.

घरी त्याने टीव्हीच्या कपाटात छोटा सर्व्हर उभा केला. दिवाळीआधी गेलेल्या लेकीचे, मुक्ताचे, सगळे व्हिडिओ त्यात उतरवले आणि फोन रिकामे केले. “एकीवर जे जाईल ते आपोआप दुसरीवर जातं,” त्याने बायकोला, विदुलाला समजावलं. “एक डिस्क मेली तरी आपली पोर कुठे जात नाही.”

आज तो कामावरून आला, तर विदुला चहा ठेवत होती. कितीतरी दिवसांनी तिने केस विंचरले होते.

“हॉस्पिटलमधले व्हिडिओ पुसून टाकले मी. नळ्या लावलेली ती सारखी समोर यायची रे. रिसायकल बिनसुद्धा रिकामा केला.”

तो दारातच थबकला. एकीवरचं पुसलं की दुसरीवरचंही त्याच क्षणी पुसलं जातं, एवढंच तिला सांगायचं राहून गेलं होतं.

“दुसरीवर आहेत ना पण?” तिने विचारलं. “कधीतरी धीर होईल, तेव्हा बघेन. तिने शेवटची ‘आई’ म्हणून हाक मारली, ती तेवढी ऐकेन.”

“आहेत,” तो म्हणाला आणि बुटांच्या नाड्या सोडायला खाली वाकला. चहा गाळून झाला, तरी त्याने मान वर केली नाही.