लोहाऱ्यातली खंडेनवमी

खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेआधी लोहारा गावातल्या कारखान्यात कंपनीचा इतिहास पडद्यावर दाखवला. कंपनी काढणाऱ्या हरिसिंगनं स्वतः लेथवर घडवलेली पहिली जिनिंग मशीन दिसताच टाळ्या पडल्या. त्याच्या म्हाताऱ्या बायकोनं, रामीबाईनं, नाक मुरडलं. ती लेथ तिच्या पोरानं, इंद्रजीतनं, कधीच भंगारात घातली होती. आता मशिनी बाहेरून तयार येत. इथं नुसतं कंपनीचं स्टिकर लागे.

“याडी, हिले कुंकू लाव न,” नव्या मशिनीवर हात ठेवून इंद्रजीत आईला म्हणाला.

“तू बनवली काय हे?”

इंद्रजीत फोटोवाल्याकडं बघत हसला.

रामीबाईनं मशिनीला वळसा घातला आणि टेबलावरच्या स्टिकरच्या रोलला हळदकुंकू लावून वर झेंडू ठेवला.

“ज्या हत्यारावर पोट चालते, पूजा त्याचीच करा लागते, साहेब,” ती पोराला म्हणाली.