हटून बसलेली पिकअप

भंगारवाल्याचा टेम्पो दारात थांबला, तेव्हा सून अजून सासऱ्यांच्या जुन्या डिझेल पिकअपच्या बॉनेटखाली डोकं खुपसून उभी होती. जन्मभर इतरांच्या बंद गाड्या ओढणारी पिकअप आठवडाभर स्वतःच हटून बसली होती. सासऱ्यांनीच हात टेकून भंगारवाल्याला बोलावलं होतं. “पोरी, नाद सोड.” “बाबा, पाच मिनिटं,” म्हणत तिने डिझेलच्या पाईपवरून बोट फिरवलं. बारीक चीर जाणवली. तिथूनच हवा शिरत होती. तिने पाईप बदलला, इंजिनाजवळचा छोटा हातपंप दाबून आत अडकलेली हवा काढली, किल्ली फिरवली. पिकअप खोकली, शिंकली आणि धडधडू लागली. सासऱ्यांनी कानातलं ऐकण्याचं यंत्र काढलं. आवाज तसाही पोचत होता. हिरमुसलेल्या भंगारवाल्याने टेम्पो वळवताना चाक गटारात घातलं. “दादा, थांबा, ओढते,” सून म्हणाली. सासरे सवयीने स्टिअरिंगसमोर बसले, मग हसत बाजूला सरकले. “तूच चालव. तुझं ऐकते ती.”